लिनक्स कॉम्प्युटर चालू होत नाही? आधी उधारी वाचवा

ऐन गर्दीत लाइट गेली, आली, आणि माझा उबंटूवरचा बिलिंग कॉम्प्युटर काळ्या स्क्रीनवर 'इनिट-रॅम-एफएस' दाखवत अडकला. दुरुस्तीवाला म्हणाला, "फॉरमॅट मारावं लागेल." अहो, त्यात तीन वर्षांची उधारी होती!

तुम्ही घाई करू नका. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबंटूचा पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून मशीन चालू करा, 'ट्राय उबंटू' निवडा आणि डेटा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. मगच पेनड्राइव्ह काढून त्या काळ्या स्क्रीनवर 'एफ-एस-सी-के -वाय' आणि पुढे तिथेच दिसणारं पार्टिशनचं नाव टाइप करा. '-वाय' म्हणजे प्रत्येक दुरुस्तीला डोळे झाकून 'हो', म्हणून कॉपी आधी. संपलं की 'एक्झिट'.

परत परत असं झालं तर डिस्कच बदला. यूपीएस मी दुसऱ्याच दिवशी घेतला.