घर भाड्याने देण्यापूर्वी



खासगी वैद्यकी करणाऱ्यास निवृत्तिवेतन नसते. ज्या दिवशी दवाखान्याचे दार बंद, त्या दिवशी मिळकतही बंद. म्हणून पन्नाशीच्या आसपास आपल्यापैकी अनेकांच्या मनात एखादी सदनिका घेऊन भाड्याने देण्याचा विचार डोकावतो. धारगळ येथील आयुर्वेद संस्थेचे डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झाले, पाठोपाठ जानेवारी २०२३ पासून मोपा विमानतळावरून विमाने उडू लागली, आणि पेडण्यात हा विषय प्रत्येक बैठकीत निघू लागला. डिचोलीतील दोन खोल्यांचा मी सुमारे वीस वर्षे घरमालक आहे. त्या अनुभवातून जे उमगले, ते नव्याने आरंभ करणाऱ्यांसाठी क्रमाने मांडतो.

१. आधी पूर्वेतिहास

रुग्णाचा पूर्वेतिहास न विचारता आपण औषध लिहीत नाही. जागेच्या बाबतीत मात्र सुशिक्षित माणूसही दलालाच्या शब्दावर बयाणा देऊन मोकळा होतो. गोव्यात ही घाई विशेष महाग पडते. एक-चौदाचा उतारा काढावा आणि त्यातील मालकाचे नाव पाहून थांबू नये. कुळाचा व इतर हक्कांचा रकानाही वाचावा. १९६४ च्या कूळ कायद्याने आणि १९७५ च्या मुंडकार कायद्याने कसणाऱ्याला व राहणाऱ्याला संरक्षण दिले आहे. भाटात मुंडकाराचे घर असेल, तर ते विकत घेण्याचा हक्क त्याला आहे. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा स्वतः मुंडकार होते. त्या कायद्याचे मोल आपल्याला कोणी सांगावयास नको.

दुसरी गोष्ट सह्यांची. गोव्याच्या नागरी कायद्यानुसार, विवाहापूर्वी वेगळा करार झालेला नसल्यास, पतिपत्नी मालमत्तेचे समान वाटेकरी असतात. विकणाऱ्याच्या पत्नीची, आणि वडिलोपार्जित घर असल्यास सर्व वारसांची व त्यांच्या जोडीदारांची संमती लागते. मुंबईस असलेल्या एका जावयाची सही राहिली, तरी व्यवहार वर्षानुवर्षे लोंबकळू शकतो.

घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे. मये गावाचे उदाहरण आपल्या शेजारचेच. भाटकार पोर्तुगालला गेल्यामुळे मुक्तीनंतर तेथील जमीन स्थलांतरितांची मालमत्ता ठरली. पिढ्यान्‌पिढ्या तेथे नांदणाऱ्यांच्या हाती मालकीचा कागद नव्हता. अखेर २०१४ साली विधानसभेला स्वतंत्र कायदा करावा लागला. बांधकामासाठी भूखंड घेणाऱ्यांनी रूपांतराची सनद पाहावी. भातशेतीच्या जमिनीच्या हस्तांतरावर तर २०२३ च्या कायद्याने निर्बंध घातले आहेत.

२. हिशेब कागदावर मांडावा

उदाहरणादाखल, तीस लाखांची सदनिका दरमहा दहा हजार भाड्याने गेली असे धरू. वर्षाचे एक लाख वीस हजार होतात. वर्षातून एक महिना जागा रिकामी राहिली, तर हाती एक लाख दहा हजार येतील. घरपट्टी, देखभाल व डागडुजी यांसाठी वीस हजार वजा करा. उरले नव्वद हजार, म्हणजे गुंतवणुकीवर तीन टक्के. यासाठी वीस लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी काढले असल्यास पहिल्या वर्षाचे व्याजच सुमारे एक लाख ऐंशी हजार होते. भाडे हप्ता फेडील, ही समजूत येथेच कोसळते. प्राप्तिकरात, भरलेली घरपट्टी वजा केल्यावर उरलेल्या भाड्यातून तीस टक्के प्रमाणित वजावट मिळते, एवढा दिलासा आहे. माझे मत असे की, आरंभ करणाऱ्याने शक्य तो कर्जाशिवाय, घरात असलेल्याच जागेपासून सुरुवात करावी.

३. भाडेकरू कोठून येणार?

माझ्या खोल्या २००६ साली बांधून झाल्या, तेव्हा डिचोलीत खाणींचा भर होता. जागा रिकामी पडेल ही शंकाही मनाला शिवली नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि दोन महिन्यांत दोन्ही खोल्यांना कुलूप लागले. अकरा महिने कर्जाचा हप्ता मी दवाखान्यातून भरला. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी पुन्हा थांबल्या, तेव्हा एका खोलीत शिक्षिका राहत होत्या आणि दुसऱ्या खोलीत कारखान्यातील कामगार, म्हणून निभावले. सगळे भाडेकरू एकाच उद्योगावर अवलंबून नसावेत. मोरजी, मांद्रे, हरमल येथे पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांनीही पावसाळ्याचे रिकामे महिने हिशेबात धरावेत. शिवाय त्यासाठी १९८२ च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते.

४. करार

तोंडी शब्दावर किल्ली देऊ नये. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्यामुळे अकरा महिन्यांच्या कराराची प्रथा पडली. परंतु वर ‘परवाना’ असे शीर्षक घातले म्हणून भाडेपट्टा परवाना होत नाही. मजकूर व प्रत्यक्ष ताबा पाहिला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच स्पष्ट केले आहे. १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली भाडेकरूला वाटेल तेव्हा बाहेर काढता येत नाही. वकिलाची फी येथे वाचवू नये. अनामत, वीजमीटरची नोंद, खोलीची छायाचित्रे आणि भाडेकरूची पोलिसांकडे पडताळणी ही चार कामे किल्ली देण्यापूर्वीच उरकावीत.

५. आणि घर

हा शेवटचा धडा मला एका रुग्णाने शिकविला. चार वर्षांचा एक मुलगा पावसाळ्यात वरचेवर धाप लागून येई. तिसऱ्या खेपेस मी त्याच्या आईला नेहमीचे प्रश्न विचारले. घरात चूल आहे का? कोणी विडी ओढते का? भिंतीला ओल आहे का? शेवटच्या प्रश्नाला ती घुटमळली. मग खाली पाहत म्हणाली, “डॉक्टर, ती खोली तुमचीच आहे.”

करार तिच्या नवऱ्याच्या नावे होता आणि भाडे माझा धाकटा भाऊ घेई. कुटुंब नंतर गावाहून आले होते. गच्ची गळते, हे भावाने मला दोन वर्षांपूर्वीच सांगितले होते. ‘पुढल्या वर्षी बघू’ असे म्हणून मी ते काम दोनदा पुढे ढकलले होते.

त्या संध्याकाळी जाऊन पाहिले. बिछान्यामागची भिंत काळ्या बुरशीने भरली होती. कुटुंबास शेजारच्या रिकाम्या खोलीत हलविले आणि दिवाळीनंतर गच्ची दुरुस्त केली. खर्च चार महिन्यांच्या भाड्याइतका आला. पुढील पावसाळ्यात मुलाच्या दवाखान्यातील फेऱ्या कमी झाल्या. एका मुलावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे आपण सारे जाणतो. परंतु ओल, बुरशी आणि श्वसनविकार यांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत नोंदविलेला आहे. तीन वर्षे मी त्या भिंतीचे भाडे घेतले आणि एक पावसाळा त्याच भिंतीच्या आजारावर तपासणी फीही घेतली. ती फी मी परत केली. आई ती घेत नव्हती.

म्हणून नव्या घरमालकास माझे सांगणे एवढेच : कागद तपासा, हिशेब मांडा, करार करा; आणि दर वर्षी मृग नक्षत्र लागण्यापूर्वी एकदा स्वतः त्या खोलीत जाऊन भिंतीला हात लावून पाहा.