शिष्यवृत्तीचा विचार पसंतीक्रम भरण्याआधी

नीटचा किंवा नर्सिंग सीईटीचा निकाल लागला की बहुतेक घरांत आधी कॉलेज ठरते, मग प्रवेश होतो आणि पहिला हप्ता भरून झाल्यावर शिष्यवृत्तीची शोधाशोध सुरू होते. हा क्रम उलटा आहे आणि तो फार महाग पडतो. महाराष्ट्रातली मोठी शैक्षणिक मदत नुसत्या गुणांवर किंवा गरजेवर मिळत नाही. प्रवेश कोणत्या वाटेने झाला, यावर ती अवलंबून असते. राज्य सरकारने जुलै 2024मध्ये घेतलेला निर्णय पाहा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. त्याआधी ही सवलत निम्मी होती. पण ती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून मिळालेल्या जागेलाच लागू आहे. तीच मुलगी त्याच कॉलेजात व्यवस्थापन कोट्यातून गेली किंवा अभिमत विद्यापीठात गेली, तर ही फीमाफी नाही. म्हणून पसंतीक्रमाचा अर्ज हाच घरातला सर्वांत मोठा आर्थिक निर्णय असतो, आणि तो सायबर कॅफेत घाईघाईने उरकला जातो याचे मला वाईट वाटते.

‘आम्ही ओपनमधले, आम्हाला काय मिळणार?’ असे अनेक पालक विचारतात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना याच कुटुंबांसाठी आहे. 8 लाखांच्या आतल्या उत्पन्नावर मुलांनाही निम्मे शिक्षण शुल्क मिळू शकते. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरच करायचा. दुसरी शंका अधिक रास्त आहे: सरकारचे पैसे उशिरा येतात, तोवर कॉलेज पालकांकडेच मागते. उशीर होतो, हे खरेच. शिवाय वसतिगृह, मेस आणि पुस्तकांचा खर्च फीमाफीत येत नाही, तेव्हा पहिल्या वर्षाची थोडी रक्कम हाताशी लागतेच. पण उशिरा येणारे पैसे आणि कधीच न येणारे पैसे यांत फरक आहे. अर्ज अडकतो तो बहुधा कागदांपायी: तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमिलेअर, जात वैधता, आधारशी जोडलेले बँक खाते. यातले जात वैधता प्रमाणपत्र सर्वांत वेळखाऊ, म्हणून अकरावी-बारावीतच त्याच्या मागे लागावे.

राहिला कर्जाचा मार्ग. ‘डॉक्टर झाला की फेडेल’ हा हिशेब मला पटत नाही. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचे, त्यावर एमडी-एमएस आणखी तीन. तोवर व्याज वाढतच राहते. शिवाय कर्जाची सवलतसुद्धा कॉलेजवर ठरते. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदार न मागता कर्ज मिळते, आणि 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर अभ्यासक्रमाच्या काळात व्याजात 3 टक्के सवलत आहे. पण संस्था गुणवत्तेच्या सरकारी यादीत असावी लागते, आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ही व्याजसवलत नाही. म्हणजे कोणती मदत घ्यायची, हेही आधीच ठरवायला हवे. फीचे ओझे नकोच असेल, तर पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आणि मुलींसाठी लष्करी नर्सिंगचा बी.एस्सी. अभ्यासक्रम आहे, तिथे फी नाही, पण नंतर सैन्यात सेवा करण्याचे बंधपत्र आहे. ते मान्य असेल तरच जावे. नाव मोठे म्हणून महागडी जागा घेण्यापेक्षा कॅपमधली साधी नर्सिंगची किंवा फिजिओथेरपीची जागा अनेक घरांना परवडणारी असते. या क्षेत्रांत चांगले काम आहे आणि डॉक्टर न झाल्याची खंत मुलांपेक्षा आईवडिलांनाच जास्त असते. पसंतीक्रम भरायला बसताना प्रत्येक कॉलेजच्या नावापुढे शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली फी, लागू असलेली सवलत आणि घरातून घालावी लागणारी रक्कम असे तीन आकडे लिहावेत, आणि मुलालाही ते दाखवावेत.