सॉफ्टबॉलमधील चेंडूफेकीचा वेग : वाढ नेमकी कशाची?

ग्वाल्हेर म्हटले की किल्ला, तानसेनाची समाधी आणि राणी लक्ष्मीबाईंचे बलिदान या गोष्टी आपल्याला आठवतात. १८५७ च्या स्वातंत्र्यसमराला शंभर वर्षे झाली, तेव्हा १७ ऑगस्ट १९५७ रोजी याच शहरात राणीच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू झाले. १९९५ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. खेळ हा केवळ खेळायचा विषय नसून अभ्यासायचाही विषय आहे, हा विचार आपल्या देशात रुजविण्यात अशा संस्थांचा वाटा मोठा आहे. त्याच विचाराला धरून प्रस्तुत लेखात एक लहानसा प्रश्न घेऊ. सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलामुलींच्या चेंडूफेकीचा वेग वाढला, असे आपण केव्हा म्हणू शकतो?

सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ साली शिकागो येथे झाला. यात पिचर चेंडू खालून फेकतो. हात खांद्याभोवती पवनचक्कीच्या पात्यासारखा पूर्ण फिरतो आणि मांडीजवळून चेंडू सुटतो. चेंडूचा परीघ १२ इंच असून वजन सुमारे १८० ते २०० ग्रॅम असते. महिलांच्या सामन्यात पिचरची पट्टी होम प्लेटपासून ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर अंतरावर असते. ताशी १०८ किलोमीटर वेगाचा चेंडू हे अंतर ०.४४ सेकंदात कापतो. बेसबॉलमध्ये अंतर १८.४४ मीटर आहे. तेथे ताशी १५० किलोमीटर वेगाच्या चेंडूलाही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. ‘सॉफ्ट’ या शब्दावरून ज्यांना हा खेळ सोपा वाटतो, त्यांनी हा हिशेब अवश्य करून पाहावा.

आता वाढत्या वयाकडे वळू. समजा, एका मुलीचा हात खांद्यापासून चेंडूपर्यंत ६० सेंटिमीटर लांब आहे आणि ती ताशी ७२ किलोमीटर वेगाने चेंडू फेकते. वर्षभरात हात ६३ सेंटिमीटर झाला. हात फिरण्याचा कोनीय वेग तोच राहिला, तर हाताच्या टोकाचा वेग लांबीच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे केवळ शरीर वाढल्यामुळे चेंडूचा वेग ताशी ७५ किलोमीटरच्या पुढे जाईल. प्रत्यक्षात पायांचा रेटा, कमरेचे वळण आणि मनगटाचा झटका यांचाही त्यात वाटा असतो. वाढलेला हात जडही होतो, त्यामुळे प्रमाण इतके सरळ राहत नाही. पण मुद्दा स्पष्ट आहे. मुलींची उंची साधारणतः बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्याच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते. या काळात वेग वाढला, तर त्याचे सर्व श्रेय प्रशिक्षणाला देता येत नाही.

म्हणूनच आठ-दहा आठवडे व्यायाम देऊन आधीचा व नंतरचा वेग मोजणे एवढ्याने प्रयोग पूर्ण होत नाही. त्याच वयाचा, तोच खेळ खेळणारा, परंतु तो विशेष व्यायाम न करणारा दुसरा गट हवा. दोन्ही गटांतील वाढीचा जो फरक, तोच व्यायामाचा परिणाम मानता येईल.

दुसरी अडचण मोजमापाची. अनेक मैदानांवर स्टॉपवॉचने वेळ घेऊन वेग काढतात. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. या वेगाने १३.११ मीटरला ०.६६ सेकंद लागतात. बटण दाबताना केवळ ०.१ सेकंदाची चूक झाली, तरी उत्तर ताशी ६२ पासून ८४ किलोमीटरपर्यंत कुठेही येऊ शकते. इतक्या चुकीत तीन-चार किलोमीटरची खरी वाढ सहज बुडून जाते. रडार गन नसेल, तर आज मोबाईलचा कॅमेरा उपयोगी पडतो. सेकंदाला २४० चित्रे घेतल्यास एका चित्राची चूक वरील वेळेच्या एक टक्क्याहूनही कमी भरते.

अंतराचेही तसेच. पिचर मोठे पाऊल टाकून पुढे येतो, त्यामुळे चेंडू पट्टीच्या बराच पुढे सुटतो. समजा, तो दीड मीटर पुढे सुटला. खरे अंतर ११.६१ मीटर झाले आणि २० मीटरच्या वेगाने त्याला ०.५८ सेकंद लागले. आपण मात्र १३.११ ला ०.५८ ने भागले, तर वेग ताशी ८१ किलोमीटर येतो. मूल वाढते तसे पाऊलही लांबते. म्हणजे चेंडूचा वेग तोच असूनही कागदावर प्रगती दिसेल! यासाठी चेंडू जेथे सुटला तेथूनच अंतर धरावे. तसेच एकच उत्तम फेक न घेता दहा फेकींची सरासरी घ्यावी.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. खालून फेकल्याने खांद्याला त्रास होत नाही, असा समज सर्वत्र आढळतो. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधील पिचर्सच्या अभ्यासात खांद्याचा सांधा ओढला जाण्याचे बल सरासरी शरीराच्या वजनाच्या ८० टक्के आढळले. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनो यांनी दोन दिवसांत तीन सामन्यांत ४१३ चेंडू टाकले आणि देशाला सुवर्णपदक मिळवून दिले. हा पराक्रम थोर खराच. पण तो पूर्ण वाढ झालेल्या, वर्षानुवर्षे तयारी केलेल्या खेळाडूचा आहे. शाळेच्या संघात एकच चांगला पिचर असतो आणि स्पर्धेत दिवसाला दोन-तीन सामने त्याच्याच हातावर काढले जातात, तेव्हा हे उदाहरण पुढे करणे योग्य नाही. वाढत्या हाडांची टोके अजून कोवळी असतात.

तेव्हा वेगाच्या नोंदवहीत आणखी तीन रकाने आखावेत : उंची, त्या दिवशी टाकलेले चेंडू आणि खांदा दुखतो का, याचे उत्तर. वेग वाढत असताना दुखणेही वाढत असेल, तर त्याला प्रगती म्हणू नये. आपल्या महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी, जीवशास्त्राचा विद्यार्थी आणि मैदानावरचा खेळाडू असे तिघे एकत्र आले, तर अशी नोंदवही एका वर्षात तयार होऊ शकेल. त्यासाठी खर्च फारसा नाही; हवा आहे तो नियमितपणा.