फवारणी पंपाच्या तारांना डाख देण्याचा पहिला पाठ

पाठीवरच्या हातपंपाची जागा आता अनेक गावांत बॅटरीवर चालणाऱ्या फवारणी पंपाने घेतली आहे. दांडा हलविण्याचे श्रम त्यामुळे वाचले. पण पूर्वी वायसर बदलून जे काम भागत असे, त्यासाठी आता पंप तालुक्याच्या गावी न्यावा लागतो. कपाशीवर तुडतुडे वाढले आहेत, पावसाने दोन दिवस उघडीप दिली आहे आणि पंप मात्र दुकानात पडून आहे, अशा वेळी होणारे नुकसान दुरुस्तीच्या खर्चाहून किती तरी अधिक असते. वस्तुतः पुष्कळदा बिघाड क्षुल्लक असतो. बटणाची तार तुटलेली असते, किंवा औषधाच्या ओलीने चार्जिंगच्या खोबणीतील जोड गंजलेला असतो. तार पुन्हा पक्की जोडण्याची कला, म्हणजे डाख देणे किंवा सोल्डरिंग, कोणाही शेतकऱ्यास थोड्या सरावाने साध्य होण्यासारखी आहे.

साहित्य

२५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न व ते ठेवण्याचा स्टँड, आत राळ भरलेली सोल्डरची तार, तार सोलण्याची पकड, ओला स्पंज, उष्णतेने आक्रसणारी प्लॅस्टिकची नळी आणि एक साधा मल्टिमीटर, एवढे साहित्य पुरे. कथील ६० भाग व शिसे ४० भाग असलेले सोल्डर नवशिक्यास सोयीचे. ते १८३ ते १९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते. भांड्यांना कल्हई करताना वापरतात तो नवसागर किंवा पत्र्याच्या कामातील तेजाब विजेच्या तारांना कदापि लावू नये. त्याचा अंश मागे राहून तांबे खाल्ले जाते व जोड काही दिवसांत निकामी होतो.

मूळ तत्त्व

सोल्डर हा डिंक नव्हे. आयर्नच्या टोकावर थेंब घेऊन तो तारेवर चिकटविणे ही नवशिक्याची नेहमीची चूक होय. तापलेल्या टोकाने प्रथम तार तापवावी आणि सोल्डर त्या तारेस लावावे. तार पुरेशी तापली असेल तर सोल्डर आपोआप पातळ होऊन तिच्या पदरांत शिरते. कोमट असेल तर ते वर गोळा होऊन बसते. असा जोड दिसण्यात जोड असतो, पण आत धातूने धातू धरलेला नसतो. यासच कच्चा डाख म्हणतात.

प्रस्तुत लेखकाने आरंभी हीच चूक केली. एका शेतकऱ्याच्या पंपाचा जोड मी घाईने दिला. अंगणात पंप उत्तम चालला. दुसऱ्या दिवशी शेतात दोन टाक्या फवारून होताच पाठीवरच्या हिसक्यांनी तार सुटली. कालविलेले औषध तसेच राहिले, सायंकाळी पाऊस आला आणि ती फवारणी आठवडाभर लांबली. तेव्हापासून जोड हाताने ओढून पाहिल्याशिवाय मी पंप परत देत नाही.

कृती

१. पंप रिकामा करून स्वच्छ पाण्याने तीन वेळा धुवावा व बाहेरून पुसून कोरडा करावा. औषधाचा अंश असलेला भाग तापविणे धोक्याचे आहे.

२. बॅटरीच्या दोन्ही तारा काढून त्यांची टोके एकमेकांस लागणार नाहीत अशी ठेवावीत.

३. काळवंडलेली तार चकचकीत तांबे दिसेपर्यंत मागे कापावी. दोन्ही टोके साधारण एक सेंटिमीटर सोलावीत आणि नळीचा तुकडा आधीच तारेत ओवून दूर सरकवून ठेवावा.

४. टोके एकमेकांत पीळ देऊन घट्ट गुंफावीत. आयर्नचे टोक ओल्या स्पंजावर पुसून पिळाच्या खालून टेकवावे व दोन-तीन सेकंदांनी वरून सोल्डर लावावे.

५. जोड निवेपर्यंत हलवू नये. चांगला डाख गुळगुळीत व चमकदार दिसतो. खरबरीत, गोळ्यासारखा दिसल्यास पुन्हा तापवावा.

६. जोड ओढून पाहावा, नंतर नळी त्यावर सरकवून गरम करून बसवावी. डाख दिलेली तार कडक होते व कडेशी वाकून तुटते. म्हणून ती थोडी सैल ठेवून जवळच बांधावी.

एक उपयुक्त सुधारणा

हात बसल्यावर बॅटरीच्या धन टोकाजवळ तांबड्या तारेत फ्यूज बसवावा. मोटारीवर ३ अँपिअर लिहिले असल्यास ५ अँपिअरचा फ्यूज योग्य. तारा कोठे घासून एकमेकींस लागल्या तर फ्यूज उडेल. तार जळणार नाही.

दक्षता

राळेचा धूर श्वासात घेऊ नये. काम मोकळ्या हवेत करावे. सोल्डरमध्ये शिसे असल्याने काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत, तत्पूर्वी तंबाखू किंवा अन्न यांस हात लावू नये. मुलांना जवळ बसवू नये. आयर्नची तार फाटलेली नसावी व ओल्या जमिनीवर बसून काम करू नये. बॅटरीच्या टोकांवर थेट डाख देऊ नये. क्लिप काढून तिला तार जोडावी व मग ती बसवावी. लिथियम बॅटरीचा पुडा उघडण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नये, ते काम जाणत्या कारागिराचे आहे.

कार्यकर्त्यांस सूचना

हा पाठ ऐन फवारणीच्या हंगामात देऊ नये. उन्हाळ्यात, हाती वेळ असताना द्यावा. प्रत्येकाकडून टाकाऊ तारेचे वीस जोड करवून घ्यावेत, त्यांतील काही कापून आत सोल्डर शिरले आहे की नाही हे सर्वांस दाखवावे आणि त्यानंतरच पंपास हात लावू द्यावा. गावात असे दोन-तीन हात तयार झाले, तर पावसाची उघडीप पंपाच्या एका तुटलेल्या तारेपायी वाया जाणार नाही.