गवतातला माइट आणि पावसाळी ताप

मृगाच्या सरींबरोबर शेतात दिसणारा लाल मखमली किडा आपण सर्वांनीच लहानपणी हातावर घेतला आहे. त्याचाच एक अतिसूक्ष्म भाऊबंद 'स्क्रब टायफस' हा ताप पसरवतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर व विदर्भात या तापाचे बरेच रुग्ण आढळले होते.

गंमत अशी, की मोठा झालेला माइट माणसाच्या वाटेला जात नाही. तो मातीत राहून किड्यांची अंडी खातो. परजीवी असते ती फक्त त्याची अळी. सहा पायांची, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी ही अळी गवतावर टपून बसते व उंदराला किंवा माणसाला चिकटते. ती रक्त पीत नाही. त्वचेच्या पेशी विरघळवून तो रस शोषते. चावल्याचे कळतही नाही. रोगजंतू मादीकडून अंड्यात उतरतात, म्हणून अळी जन्मतःच रोगवाहक असू शकते.

साधारण दहा दिवसांनी थंडी-ताप, जबर डोकेदुखी सुरू होते. काखेत, जांघेत विडीच्या चटक्यासारखी काळी खपली आढळते (प्रत्येकालाच नव्हे). ती दुखत नाही, म्हणून कोणी सांगत नाही. गवत कापणाऱ्या एका बाईंना मी पाच दिवस टायफॉइडचे औषध देत राहिलो. खपली होती परकराच्या नाडीखाली! 'डॉक्सिसायक्लिन' दिल्यावर दोन दिवसांत ताप उतरला. आणखी उशीर होता, तर फुप्फुसे व मूत्रपिंडांवर बेतले असते.

गवतातून आल्यावर अंघोळ करून कपडे बदलावेत. ताप आल्यास गवतात गेल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगावे.