सोबती किती असावेत?

संगणकावरील ‘रोल-प्लेइंग’ खेळांत खेळणारा एका कथानायकाची भूमिका घेतो आणि वाटेत त्याला सोबती मिळत जातात. ते त्याच्या बाजूने लढतात, मुक्कामी त्याच्याशी बोलतात, क्वचित रुसून निघूनही जातात. असे सोबती किती असावेत, यावर मधल्या सुटीत मुले हिरिरीने वाद घालतात. आणि ‘जितके अधिक तितके उत्तम’ असा बहुधा निकाल लागतो. तो मला मान्य नाही.

प्रथम थोडे गणित. दोघांत एक नाते, तिघांत तीन, सहा जणांत १५. पण २५ जणांत ३००! १९९८ साली निघालेल्या ‘बॉल्डर्स गेट’मध्ये २५ सोबती होते आणि एका वेळी नायकासह सहाच जण चालू शकत. एवढ्या नात्यांना संवाद कोण पुरवणार? बहुतेकांच्या वाट्याला मोजकीच वाक्ये आली.

१९९९ च्या ‘क्रोनो क्रॉस’ या जपानी खेळात तर सुमारे ४५ सोबती. म्हणजे एक भरलेला वर्गच! तेथे कर्त्यांनी एक युक्ती योजली. संवाद एकच लिहावयाचा आणि जो सोबती बरोबर असेल त्याच्या बोलण्याची ढब यंत्राकरवी त्यावर चढवावयाची. घरी कोंकणी व वर्गात मराठी बोलणाऱ्या मला या युक्तीची मोठी गंमत वाटली. परंतु बोली बदलल्याने माणूस बदलत नाही, हा माझा तर रोजचाच अनुभव आहे.

त्याच वर्षीच्या ‘प्लेनस्केप: टॉरमेंट’मध्ये अवघे सात सोबती आहेत. त्यांतील डॅकॉन हा वृद्ध योद्धा पाहा. त्याच्या जमातीचे पूर्वज दास्य झुगारून मुक्त झालेले. त्याने नायकाला वचन दिले की, तुझ्या मृत्यूपर्यंत मी तुझ्या मागे येईन. नायक अमर आहे, हे त्या बिचाऱ्याला तेव्हा ठाऊक नव्हते! स्मृती गमावलेल्या नायकाला हे हळूहळू, संभाषणांतून उमगते. अशा उलगड्याला अवकाश लागतो, आणि तो सात-आठ जणांपलीकडे पुरत नाही, असे मला वाटते.

अपवाद एकच सांगतो. ‘सुइकोडेन’ (१९९५) या खेळात नायक धरून १०८ जण आहेत. ही संख्या एका जुन्या चिनी कादंबरीतील वीरांवरून घेतलेली. लढावयास एका वेळी सहाच जातात. बाकीचे सरोवरातील गढीत राहतात; कोणी लोहारकाम करतो, कोणी दुकान मांडतो, कोणी स्नानगृह थाटतो. उजाड गढीचे गाव होते. नायकाचा जिवाभावाचा सेवक ग्रेमिओ मध्येच त्याच्यासाठी प्राण देतो. पुढे सर्व जण जमले आणि वाटेत कोणीही दगावला नाही, तरच तो पुन्हा जिवंत होतो. तेव्हापासून ज्याच्याशी दोन शब्दही धड बोलणे झाले नाही अशा सोबत्याच्या जिवालाही खेळणारा जपू लागतो. तो एक गेला, तर ग्रेमिओ परतत नाही.