शालान्त परीक्षा : तयारी आणि पुढील वाट

गोवा माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाची स्थापना १९७५ साली झाली. त्यापूर्वी येथील मुले पुण्याच्या मंडळाच्या शालान्त परीक्षेस बसत. १९८५ साली गोवा विद्यापीठही स्थापन झाले. शिक्षणाच्या सोयी अशा घराजवळ आल्या, तथापि निकालाच्या दिवशी अनेक घरांतून आजही एकच प्रश्न ऐकू येतो, तो म्हणजे "आता पुढे काय?" या प्रश्नाचा विचार निकालापर्यंत लांबणीवर टाकणे हितावह नाही. दहावीचे वर्ष सुरू होतानाच पालक, विद्यार्थी व शिक्षक यांनी तो एकत्र बसून करावा. कोठे जावयाचे हे ठरले म्हणजे अभ्यासालाही दिशा लाभते.

अभ्यास कसा करावा?

आपल्या बहुतेक सरकारी प्राथमिक शाळांतून मराठी माध्यम आहे. माध्यमिक शाळांत मात्र बहुतांशी इंग्रजी. त्यामुळे ग्रामीण भागातील पुष्कळ मुले विज्ञान व समाजशास्त्राची उत्तरे अर्थ न कळताच पाठ करतात. प्रश्नाची शब्दरचना थोडी बदलली, की ती गोंधळतात. यावर उपाय साधा आहे. धडा इंग्रजीत वाचावा, पुस्तक मिटून त्यातील आशय घरच्या भाषेत कोणाला तरी समजावून सांगावा आणि मग उत्तर इंग्रजीत लिहून काढावे. जे सांगता येत नाही, ते समजलेले नाही असे मानावे.

एकदा वाचलेले लवकर विस्मरणात जाते, हे हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ सालीच प्रयोगाने दाखवून दिले होते. म्हणून आज शिकलेला भाग उद्या, आठवड्याने व महिन्याने पुन्हा आठवून पाहावा. गणित रोज सोडवावे. केवळ सोडविलेली उदाहरणे वाचू नयेत. शेवटच्या दोन महिन्यांत मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून लिहाव्यात व शिक्षकांकडून तपासून घ्याव्यात. रात्रभर जागरण करून सकाळी परीक्षेस जाणे टाळावे.

घरची व गावाची जबाबदारी

परीक्षेचा काळ पुष्कळदा शिगमोत्सवाच्या आणि काजूच्या हंगामाच्या सुमारास येतो. बोंडू गोळा करण्यास हात हवे असतात, हे खरे. परंतु दहावीच्या मुलाला, आणि विशेषतः मुलीला, त्या दिवसांत कामातून मोकळे ठेवावे. ज्यांच्या घरी जागा अपुरी आहे, त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीने सभागृह किंवा वाचनालय सायंकाळी खुले ठेवल्यास मोठे साह्य होईल.

दहावीनंतरच्या वाटा

पहिली वाट उच्च माध्यमिक विद्यालयाची : कला, वाणिज्य, विज्ञान व व्यावसायिक शाखा. विज्ञान शाखेत विषय विचारपूर्वक निवडावेत. गणित सोडल्यास अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखांची वाट अवघड होते. वैद्यकीय शिक्षणासाठी जीवशास्त्र आवश्यक असून 'नीट' ही प्रवेश परीक्षाही द्यावी लागते.

दुसरी वाट तंत्रनिकेतनाची. पणजी, मये-डिचोली व काकोडा येथे सरकारी तंत्रनिकेतने आहेत. दहावीनंतरची अभियांत्रिकी पदविका सामान्यतः तीन वर्षांची असते. पदविकाधारकास पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे.

तिसरी वाट औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची. पेडणे, होंडा, फर्मागुडी, काणकोण इत्यादी ठिकाणी अशा संस्था आहेत. तेथे इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर यांसारखे व्यवसाय शिकविले जातात. ही वाट कमी गुणांच्या मुलांचीच, हा समज चुकीचा आहे. येथून पुढचे शिक्षणही बंद होत नाही. दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास पदविकेच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. ज्या मुलाचे हात यंत्रात रमतात, त्याला शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून विज्ञान शाखेत ढकलू नये.

दाखल्यांची पूर्वतयारी

गुण असूनही कागदपत्रांअभावी धावपळ होते. जन्मदाखला, निवासाचा दाखला, लागू असल्यास जातीचा व उत्पन्नाचा दाखला, यांची चौकशी निकालापूर्वीच करावी. नावाचे स्पेलिंग सर्व कागदांवर एकच आहे की नाही, ते शाळेतच पडताळून घ्यावे. माहितीपत्रकातील अंतिम तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

अपयश आल्यास

एखाद्या विषयात अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला घरच्यांच्या धीराची सर्वांत अधिक गरज असते. पुरवणी परीक्षेची सोय आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फतही दहावी पूर्ण करता येते. निकालाच्या दिवशी मुलाला एकटे सोडू नये व चारचौघांत त्याची तुलना करू नये. तो अबोल झाला, जेवेनासा झाला, तर त्याच्याजवळ बसावे आणि वर्गशिक्षकांना किंवा डॉक्टरांना विनासंकोच भेटावे.

गुणपत्रिका एका वर्षाचा हिशेब सांगते. पुढची वाट आखणे हे घर, शाळा व गाव यांचे सामायिक काम आहे, आणि त्याचा आरंभ आजच व्हावयास हवा.